धनगरमाळ, पाच-नऊ

रविवारी सकाळी आठ म्हणजे आठ. घरात पाहुणे असोत नाहीतर अंगात ताप असो, वैजयंता जगदाळे माईकसमोर बसणार. जन्माची खोडच ती. शिरवण्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये बसून तिनं तीस वर्षं गाड्या पुकारल्या होत्या. निवृत्त झाली तेव्हा नवरा म्हणाला होता, "आता तरी घशाला आराम दे." त्यावर ती म्हणाली, "घशाला पेन्शन नसते हो." पुढं नवरा वारला आणि माईक तेवढा राहिला.

माईक स्टँडवरचा नव्हे, हौशी रेडिओचा. शिरवण्यात त्यांचं अकरा जणांचं मंडळ होतं. एक वायरमन, एक नर्स, एक किराणावाला, फिजिक्सचे निवृत्त मुल्ला सर, अशी सगळी पदरमोड करणारी मंडळी. जत्रेत चुकलेली माणसं शोधायची, घाटातल्या दौडीला धावणारे मोजायचे, आणि पावसाळ्यात टॉवर आडवे झाले की डोंगरातल्या वाड्यांचे निरोप तहसील कचेरीत पोचवायचे. आता फोन थेट उपग्रहावरून लागतात हे खरं आहे. पण ढग डोक्यावर बसल्यावर, दोन डोंगरांच्या फटीत, चार दिवस लाईट नसताना तो उपग्रह कुणाच्या उपयोगाचा? म्हणून दर रविवारी सगळ्यांची हजेरी व्हायची आणि ती घ्यायची वैजयंता.

"नांदिवसे?"

"नांदिवसे हजर, ताई. लाईट आहे, बॅटरी भरलेली आहे."

"पाच-नऊ. पुढं, कुरोशी?"

"कुरोशी हजर. काल वानरांनी एरियल वाकवलं."

"वानरांना परवाना काढून देऊ या. पाच-नऊ."

पाच नावं झाली. सहाव्या नावावर वहीत एक सरळ रेघ होती. ते नाव वैजयंता उच्चारत नसे. पण पाचव्याहून सातव्यावर जाताना एका श्वासापुरती ती थांबायची. आजही थांबली. स्पीकरमध्ये नुसती खरखर झाली आणि मग आवाज आला, अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

"धनगरमाळ. सगळं ठीक हाय, ताई."

खिडकीशी बाकावर बसलेल्या सगुणानं तोंडाला पदर लावला. तिचे डोळे मिटलेले होते.

"आज जरा बसल्यावानी वाटला न्हाई का आवाज, वन्सं?"

"हवा दमट आहे," वैजयंता म्हणाली आणि सातवं नाव पुकारलं.

सगुणाचा नवरा, लखू ढेबे, जाऊन अकरा महिने झाले होते.

आता भूतबित मनात आणू नका. शिरवण्यात सगळ्यांना याचं कारण माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेनं या मंडळाला नव्या जातीचे सेट वापरून बघायला दिले. त्यात एक 'सांधक' होता. मुल्ला सरांनी पहिल्याच बैठकीत चहा थंड करत सगळ्यांना समजावलं होतं.

"पावसात भिजलेलं पत्र समजा," सर म्हणाले. "काही अक्षरं शाबूत, काही फुटलेली. वाचताना आपण काय करतो? मधलं अंदाजानं भरतो. आणि लिहिणारा ओळखीचा असला, म्हणजे त्याचं अक्षर, त्याचे नेहमीचे शब्द, त्याचा स्वभाव माहीत असला, की पत्र अर्धं पुसलेलं असलं तरी चालतं. हा सांधक तेच करतो. हवेतून येणाऱ्या खरखरीत बुडालेले आवाजाचे तुकडे वेचतो. तुमच्या प्रत्येकाचा आवाज तो रोज ऐकून शिकणार. मग मधलं गाळलेलं तुमच्याच आवाजात भरून समोरच्याला ऐकवणार."

"आणि तुकडेच नसले तर?" किराणावाल्यानं विचारलं होतं.

"तर गप्प बसेल. बसायला पाहिजे," सर म्हणाले होते.

तो गप्प बसला नाही. लखू गेल्यावर त्याचा आवाज यंत्रातून कुणी काढला नाही आणि हजेरीचा क्रम यंत्राला पाठ होता. पाच नावांनंतर धनगरमाळ यायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. मग नुसत्या खरखरीतही त्याला धनगरमाळाचा तुकडा सापडायचा आणि उरलेलं ते भरून काढायचं. दरवेळी तेच वाक्य, कारण लखू जन्मभर तेच बोलला होता. घाटातल्या दौडीला एकदा त्यानं सांगितलं होतं, "सगळं ठीक हाय, ताई. एकाचा पाय मोडलाय तेवढा." त्यावर मंडळी वर्षभर हसत होती.

दिवसकार्य उरकल्यानंतरच्या रविवारी तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा वैजयंताच्या हातातलं पेन पडलं. मुल्ला सर म्हणाले, पुण्याला कळवून काढून टाकू. नेमकी सगुणा तिथं होती. तिनं सरांचे पायच धरले. मग राहिलं ते राहिलं. धनगरमाळ तर राहिला नव्हता, सगुणा आता शिरवण्यात बहिणीकडे असायची. दर रविवारी साडेसातला ती वैजयंताच्या दारात हजर. येताना पेलाभर ताक आणायची. आवाज ऐकायची आणि ताकाचा पेला विसळून घेऊन जायची.

लखू काही वैजयंताचा सख्खा भाऊ नव्हे. तो धनगरमाळाचं दूध घेऊन स्टँडवर यायचा, गाडी चुकली की केबिनच्या खिडकीशी उभा राहून तिचं बोलणं ऐकायचा. एकदा म्हणाला, "ताई, मलाबी शिकवा की ह्यात बोलायला." तिनं शिकवलं. परवान्याच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास. त्या वर्षीच्या भाऊबीजेला डोंगरातून तूप घेऊन आला आणि पाटावर बसला, तेव्हापासून तो तिचा भाऊ. म्हणून सगुणा तिला वन्सं म्हणायची.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे पाच-नऊ. रेडिओवाले एकमेकांना आवाज कसा पोचला ते दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा शब्द किती स्पष्ट त्याचा, पाचपैकी. दुसरा जोर किती त्याचा, नऊपैकी. म्हणजे पाच-नऊ झालं की घंटेसारखा खणखणीत. पण जगभरच्या या लोकांची एक गोड खोड आहे. समोरचा कितीही फाटका ऐकू आला तरी म्हणायचं पाच-नऊ. लग्नात जेवून उठल्यावर कुणी 'आमटी अळणी होती' म्हणतं का? तसंच हे. आणि सांधक आल्यापासून तर सगळेच खणखणीत ऐकू यायला लागले. सेटवर जुना बारका काटा होता, हवेतून खरोखर किती आलं ते दाखवणारा. त्याच्याकडे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं. वैजयंतानंसुद्धा.

त्या दिवशी मात्र तिनं एकदा बघितलं होतं.

मागच्या श्रावणातली गोष्ट. सलग पावसाच्या नवव्या दिवशी घाट बंद पडला. वैजयंता तहसील कचेरीतल्या कोपऱ्यात सेट मांडून बसली होती. दुपारी एक बावन्नला, हजेरीची वेळ नसताना, लखूचा आवाज आला. "सगळं ठीक हाय, ताई. पाऊस हाय, पण सगळं ठीक हाय."

तिला नवल वाटलं होतं. लखू कधी न बोलावता बोलायचा नाही. पण आवाज कसा स्वच्छ! ती हसून म्हणाली, "पाच-नऊ, लखू. बरं झालं सांगितलंस. काळजी करू नकोस, मी आहे इथं." "बरं, ताई," म्हणून तो गेला. दोन वाजता तहसीलदारांनी विचारलं, बचावपथक एकच आहे, कुठं पाठवू? नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलं होतं. वैजयंता म्हणाली, "धनगरमाळ ठीक आहे, साहेब. आत्ताच बोलले." पथक नदीकाठी गेलं आणि तिथली एकतीस माणसं वाचली. चार चाळीसला साहेबांनी पुन्हा विचारलं. तिनं धनगरमाळाला पुकारलं. "सगळं ठीक हाय, ताई." वहीत तिनं लिहिलं: धनगरमाळ, १६.४०, ठीक, ५९. लिहिताना तिची नजर सहज त्या बारक्या काट्यावर गेली. काटा खाली पडून होता. केसभरसुद्धा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कळलं की धनगरमाळ डोंगराखाली गेला. शाळेत जमलेली सतरा माणसं गेली, लखू त्यांतच. सगुणा बहिणीच्या बाळंतपणाला खाली आलेली, म्हणून तेवढी उरली. चौकशीत वैजयंताची वही पुढं ठेवली गेली. चार चाळीसला सगळं ठीक होतं, म्हणजे दरड रात्री कोसळली, झोपेत सगळी गेली, कुणाचा काही इलाज नव्हता, असं ठरलं. सगुणालाही लोकांनी हेच सांगून धीर दिला. वैजयंतानं काट्याचं कुणाला सांगितलं नाही. स्वतःच्या मनालाही विचारलं नाही. पुढं दर रविवारी मेलेला माणूस 'ठीक हाय' म्हणायला लागल्यावर तिला तो काटा आठवायचा. तिथवर विचार आला की ती उठून भांडी घासायला घ्यायची.

आता नऊ दिवसांनी, मंगळवारी, सरकारी समिती येणार होती. सांधकाचे सेट चारशे गावांत बसवायचं घाटत होतं आणि शिरवण्याची वही त्याचा मोठा पुरावा होता. एकतीस जीव वाचले, ते खरंच होतं. वैजयंतानं फक्त सही करायची होती: नोंदी खऱ्या आहेत.

आणि त्याआधीच्या बुधवारी सगुणा अवेळी आली. तिच्या हातात ताक नव्हतं, फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"माळावर नळाची चर खणत्यात, वन्सं. त्यात सापडला." तिनं फडकं सोडलं. मातीनं भरलेला, काच फुटलेला लखूचा सेट. "मालकांनी ही घंटी लावलीया बघा त्याला, म्हशीच्या गळ्यातली. म्हणून वळखला. ह्याच्यात त्यांचा आवाज आसंल का ओ? यंत्रात आसतुया म्हंत्यात. मला काढून द्या. घरला न्यायचाय."

"बघते," वैजयंता म्हणाली. 

शुक्रवारी सकाळी मुल्ला सरांच्या माडीवर दोघांनी तो उघडला. सरांनी ब्रशनं माती काढली, स्पिरिटनं पट्टी पुसली, आठवणीची चिप काढून दुसऱ्या सेटला जोडली. या सेटांची एक सोय होती: आपण बोललेलं शेवटचं मिनिटभर ते जसंच्या तसं जपून ठेवायचे, पुन्हा पाठवायला सोपं जावं म्हणून. ते सांधलेलं नसायचं. बोलणाऱ्याच्या तोंडचं अस्सल असायचं.

आधी पडद्यावर वेळा आल्या. शेवटचं बोलणं: तेरा त्रेपन्न. वीज तुटली: पंधरा वीस.

"तीन वीस," सर हळूच म्हणाले. "म्हणजे दरड तेव्हाच आली. मग चार चाळीसला..."

"चार चाळीसला काटा हलला नव्हता, सर. मी बघितलं होतं."

सरांनी चष्मा काढला. अकरा महिने ही बाई हे पोटात घेऊन हिंडत होती, हे त्यांना आत्ता कळत होतं.  त्यांनी बटण दाबलं.

आधी पाऊस ऐकू आला. पत्र्यावर कोसळणारा. मग लखूचा आवाज, दम लागलेला, तिनं कधीच न ऐकलेला.

"ताई, धनगरमाळ. देवळाच्या वरल्या अंगाला भेग पडलीया, हात जाईल एवढी. सतरा मान्सं हायती. खाली उतरवू का तुमी टीम पाठवताय? लौकर सांगा."

मग एक टिक. इथं तिचं उत्तर गेलं असणार. ते या सेटात नव्हतं, पण तिला ते शब्दन् शब्द पाठ होतं. पाच-नऊ, लखू. बरं झालं सांगितलंस. काळजी करू नकोस, मी आहे इथं.

पुन्हा टिक. "बरं, ताई." आणि बटणावरचं बोट तसंच राहिलेलं, तो मागं वळून ओरडत होता, आणि आवाजात केवढा हुरूप! "ए! ताईस्नी पाच-नऊ ऐकू गेलंय रं! टीम येतीया. कुनी उतरू नगा. म्हातारी मान्सं निसरड्यात कुठं चालत्यात? शाळंत थांबा समदी."

मिनिट संपलं.

 खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. माळावरून उतरायला पायवाट तासाभराची होती. त्यांच्या हातात दीड तास होता. ते उतरणारच होते. तिनं त्यांना थांबवलं होतं.

"मी त्याला पाच-नऊ सांगितलं," वैजयंता म्हणाली. "फाटकं ऐकू आलं असतं तर मी म्हटलं असतं, लखू, परत सांग. एवढंच तर म्हणायचं असतं हो, सर. परत सांग."

"तुम्हाला फाटकं ऐकूच दिलं नाही यंत्रानं."

"काटा होता की. त्याच्याकडे बघायला मला कुणी बंदी केली होती?"

सरांनी सेट पुन्हा फडक्यात गुंडाळला. "वैजूताई, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. मी लपवा म्हणत नाही. पण तुम्ही म्हणालात तर मी आज काही ऐकलेलं नाही. ती सगुणा रविवारच्या त्या एका वाक्यावर जगतेय, तेवढं मात्र लक्षात घ्या."

तिथूनच तिनं पुण्याला फोन लावला. सांधक बनवणारी केतकी आठल्ये, वयानं लहान पण हुशार बाई, तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, त्याच्यापर्यंत फार थोडे तुकडे पोचले असणार. 'ताई', 'धनगरमाळ', आणखी एखाददुसरा. त्याआधीच्या दोन वर्षांत त्या शब्दांमागून एकच वाक्य आलेलं. त्यानं तेच भरलं. त्यांचं मागं वळून ओरडणं गोंगाट म्हणून गाळलं." ती पुढं म्हणाली, "मी त्याला सगळ्यांत संभवणारं उत्तर शोधायला शिकवलं. संकट म्हणजे न संभवणारंच असतं, हे मला सुचायला हवं होतं. पण ताई, यानं शेकडो निरोप वाचवलेतही. बंद करा म्हणाल तर..."

"बंद कर कुठं म्हणतेय मी? गोधडीला ठिगळ लावावंच लागतं, बाई. पण ठिगळ दिसलं पाहिजे. तू ते इतकं बेमालूम शिवलंस की मूळ कापड कुठं संपलं ते कळलंच नाही."

"मी लखूभाऊंचा आवाज आजच काढून टाकते."

"रविवारपर्यंत थांब," वैजयंता म्हणाली.

का थांब म्हणाली, ते तिचं तिलाही नीट कळलं नव्हतं. शनिवारी भर दुपारी तिनं दार लावून घेतलं आणि सेट चालू केला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिनं ते नाव तोंडानं उच्चारलं.

"धनगरमाळ?"

खरखर. "धनगरमाळ. सगळं ठीक हाय, ताई."

"लखू, भेग केवढी आहे रे?"

"सगळं ठीक हाय, ताई."

"उतरा म्हणते मी. ऐकतोस का? सगळ्यांना घेऊन उतर. आत्ता उतर!"

"सगळं ठीक हाय, ताई."

"माझ्यावर रागावलायस?"

खरखर जरा लांबली.  वेडीच ती, तिला वाटलं, या वेळी काहीतरी वेगळं येईल. शिवी तरी येईल.

"पाऊस हाय, पण सगळं ठीक हाय."

तिनं सेटची वायरच उपटली. मग फरशीवर बसून ती रडली, नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती एवढी. रडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की या आवाजाची तिला किती सवय लागली होती. दर रविवारी तो तिला माफ करत होता. न मागता, आणि न कळता. खरा लखू माफ करील की नाही हे विचारायची वेळच तो येऊ देत नव्हता.

रविवारी साडेसातला सगुणा आली. वैजयंतानं ताकाचा पेला हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि तिला समोर बसवलं.

"त्या सेटमधला आवाज काढून ठेवलाय. पण आधी सांगते, तो गोड नाही. नको असेल तर आत्ताच नाही म्हण."

"मालकांचा हाय न्हवं?"

"त्यांचाच. शेवटचा."

"मग लावा."

सगुणानं पहिल्यांदा ऐकलं. ती म्हणाली, "परत." दुसऱ्यांदा ऐकताना, तो मागं वळून ओरडतो तिथं, तिनं स्वतःच्या मांडीवर मूठ आपटली. मग वैजयंतानं सगळं सांगितलं. एक बावन्न, दोन, चार चाळीस, हलला नाही तो काटा. काही गाळलं नाही, काही भरलंही नाही.

"मंजी रातच्याला झोपेत न्हाई गेली ती," सगुणा म्हणाली.

"नाही. वाट बघत होती."

"तुमची."

"माझी."

सगुणा उठून उभी राहिली. "मग हितं रविवारचा बोलायचा त्यो मेला कोन हुता? अकरा म्हैनं मी कुनासाठी पदर घेऊन बसले? तुमास्नी ठावं हुतं, आन् तुमी मला ताक घेऊन येऊ दिलं?"

"यंत्र बोलतंय हे तुलाही ठाऊक होतं, सगुणा. पण काटा नाही ठाऊक. तो मी लपवला. मला वाटायचं तुझ्यासाठी गप्प बसलेय. खोटं. माझ्यासाठी बसले होते."

सगुणाच्या ओठांवर शिवी आली असणार, पण ती दिली नाही तिनं. दाराकडे गेली. चपला पायात सरकवल्या. तिथंच उभी राहिली, पाठमोरी.

घड्याळात आठ झाले.

हजेरीची वेळ कुणासाठी थांबत नाही. वैजयंता माईकसमोर बसली. सांधकाचं बटण खाली केलं. तत्क्षणी स्पीकरमधून कोरडी, उघडी खरखर खोलीभर पसरली. एवढी मोठी खरखर तीन वर्षांत या घरात कुणी ऐकली नव्हती.

"सर्व स्टेशन, शिरवणे. आज सांधक बंद ठेवा. हजेरीआधी वहीतली एक दुरुस्ती वाचून दाखवते. सगळ्यांनी आपापल्या वहीत घ्या."

रेडिओवाल्यांच्या वहीला खोडरबर चालत नाही. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. तिनं मागच्या श्रावणाचं पान उघडलं.

"धनगरमाळ, तेरा बावन्न. 'ठीक, पाच-नऊ' ही नोंद चुकीची. खरा निरोप असा: डोंगराला भेग, सतरा माणसं, उतरवू का. तो मला ऐकू आला नाही. परत सांग असं मी म्हटलं नाही. मी पाच-नऊ म्हटलं म्हणून ती माणसं थांबली." तिनं रेघ मारली.  "धनगरमाळ, सोळा चाळीस. 'ठीक, पाच-नऊ' ही नोंद चुकीची. त्या वेळी तिकडून कुणीही बोललं नाही. ही वही मंगळवारी समितीसमोर अशीच जाईल. सही, वैजयंता जगदाळे."

 मग तिनं हजेरी सुरू केली.

"नांदिवसे?"

"...जर, ताई. बॅ... ...लेली..."

"दोन-तीन. परत सांग."

नांदिवशानं परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा सांगितलं. कुरोशीला चारदा विचारावं लागलं. तिचा घसा बसत चालला, पण प्रत्येक शब्द कळेपर्यंत तिनं कुणाला सोडलं नाही. पाच नावं व्हायला वीस मिनिटं लागली.

सहाव्यावर ती थांबली. मग वहीतल्या रेघेखालचं नाव तिनं स्पष्ट पुकारलं, स्टँडवर शेवटची गाडी पुकारावी तसं.

"धनगरमाळ?"

खरखर. बारका काटा खाली पडलेला.

"धनगरमाळ, शिरवणे पुकारतंय. धनगरमाळ?"

मागं पावलं वाजली. सगुणा चपलांसकट आत आली होती. ती बाकावर बसली नाही. वैजयंताच्या खांद्यामागं उभी राहून तिनं पहिल्यांदाच त्या काट्याकडे निरखून बघितलं.

"ह्योच का त्यो काटा?"

"हाच."

"काय ऐकू येतंय तुमास्नी?"

"काही नाही, सगुणा. काहीच ऐकू येत नाही."

सगुणानं टेबलावरचं पेन उचलून तिच्या हातात दिलं.

"मग तसंच लिवा, वन्सं," ती म्हणाली.